‘ताई, फोन रूट केला तर चालेल का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्या पुरवणीत मोबाईलच्या सुरक्षेवर लेख आला होता, बाकी लेख चांगलाच होता पण रूटिंगचा, म्हणजे फोनच्या सिस्टीमवर पूर्ण अधिकार मिळवण्याचा, विषय त्यात एका ओळीत उरकलाय, की हे हॅकर लोकांचं काम, त्याच्या वाटेला जाऊ नका. मी धनकवडीला राहते, अकाउंट्समध्ये नोकरी करते, हॅकर वगैरे कोणी नाही, पण २०११ पासून स्वतःचे आणि दुसऱ्यांचे मिळून बरेच फोन रूट केलेत, रॉम, म्हणजे दुसरी सिस्टीम, टाकलेत, परत होते तसे करून दिलेत. आमच्या सोसायटीतली आणि आसपासची पोरं रविवारी फोन घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, फोन रूट केला तर चालेल का?’ आता या पोरांना एका ओळीचं उत्तर पुरत नाही, ती मग व्हिडिओ बघून करतात नाहीतर कुठल्यातरी दुकानात जातात. म्हणून हे पत्र. लांबलंय, जमेल तेवढं छापा.

आधी मी यात कशी पडले ते सांगते. २०११ साली पहिला अँड्रॉइड फोन घेतला, त्यात २.२ व्हर्जन होतं. आई साताऱ्याला, तिच्याकडे साधा बटणांचा फोन, त्यावरून ती मराठीत मेसेज करायची. तिच्या हजार-बाराशेच्या फोनवर मराठी नीट दिसायचं आणि माझ्या महागड्या स्मार्टफोनवर नुसते चौकोन. ऑपेरा मिनीत एक सेटिंग बदललं की वेबसाइटवरचं मराठी दिसायचं, अक्षरांची चित्रं बनून यायची, पण आईच्या मेसेजला त्याचा काही उपयोग नव्हता. फोनच्या सिस्टीमच्या फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट टाकला तर दिसतं असं कळलं आणि त्या फोल्डरला हात लावायचा तर रूट पाहिजे. केलं. चौकोन गेले, अक्षरं आली, पण वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटायची, ‘शिक्षण’ वाचताना अंदाजच बांधावा लागायचा, कारण अक्षरं जुळवणारी यंत्रणाच त्या अँड्रॉइडमध्ये नव्हती. पुढे ४.० पासून हळूहळू ते सुधारलं. पण तो दिवस मला आठवतो, आईचा मेसेज पहिल्यांदा तुटका का होईना पण वाचता आला. रूटिंग म्हणजे चोराचं काम असं कुणी लिहिलं की मला वाईट वाटतं ते यामुळे.

आता रूट म्हणजे नक्की काय. अँड्रॉइड लिनक्सवर चालतं, आणि लिनक्समध्ये सगळे अधिकार असलेला जो युजर असतो त्याला रूट म्हणतात. फोन आपण विकत घेतो पण हा अधिकार कंपनी आपल्याला देत नाही, आपण तसे भाडेकरू. तो अधिकार मिळवणं म्हणजे रूट करणं. पोरं यात तीन वेगळ्या गोष्टी एक करून टाकतात. बूटलोडर म्हणजे फोन चालू करताना सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, तो अनलॉक करणं म्हणजे कंपनीची सही नसलेली सिस्टीमसुद्धा चालू होऊ द्यायची परवानगी. कस्टम रॉम म्हणजे कंपनीची सिस्टीम काढून लिनेज-ओएससारखी दुसरी टाकणं. आणि रूट म्हणजे आहे त्या सिस्टीममध्ये वरचा अधिकार घेणं, जे आता बहुतेक लोक मॅजिस्क नावाच्या प्रोग्रामने करतात. रॉम टाकली म्हणजे रूट झालाच असं नाही, रूट केला म्हणजे रॉम बदलली असंही नाही. आणि सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले म्हणजे तर काहीच झालेलं नसतं, तेवढ्यावरून घाबरून फोन घेऊन आलेले एक काकाही होते माझ्याकडे.

मी प्रत्येकाला आधी विचारते, कशासाठी करायचंय? दहातली सात-आठ उत्तरं अशी असतात की त्याला रूट लागतच नाही. फोन स्लो झालाय, कंपनीने भरलेली नको ती अ‍ॅप्स निघत नाहीत, दिसायला कंटाळवाणा झालाय. अहो दिसण्यासाठी होम स्क्रीन बदलणारा लाँचर आणि आयकॉन पॅक पुरतो, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲनिमेशनचे तीन आकडे १ वरून ०.५ वर आणले तरी फोन हलका वाटतो, आणि नको असलेली अ‍ॅप्स कॉम्प्युटरला केबल लावून एडीबी नावाच्या प्रोग्रामने आपल्या युजरपुरती काढता येतात, रूट न करता, आणि काही चुकलं तर फॅक्टरी रिसेटला ती परत येतात. राहिलं कॉल रेकॉर्डिंग. गुगलने मे २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या अ‍ॅप्सना ते बंद केलं तेव्हापासून त्यासाठी विचारणारे खूप येतात. रूट करून ते होतं, खरं आहे, पण तेवढ्यासाठी सगळ्या फोनचं कुलूप काढणं मला पटत नाही आणि मी तसं सांगते.

कारण आता फोनमध्ये पैसे आहेत. २०११ ला माझ्या फोनमध्ये गाणी आणि आईचे मेसेज होते, फोन गेला तरी हळहळ वाटली असती एवढंच. २०१६ ला यूपीआय आलं आणि सगळं बदललं, आता भाजीवाल्यापासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत सगळं फोनवरून. बँकेची अ‍ॅप्स फोनला विचारतात की बाबा तू कंपनीने पाठवलास तसाच आहेस ना, गुगलची ही तपासणी पूर्वी सेफ्टीनेट नावाने होती आता प्ले इंटिग्रिटी म्हणतात, आणि रूट केलेला किंवा बूटलोडर उघडा असलेला फोन त्यात सहसा नापास होतो. लपवायचे उपाय आहेत, मीसुद्धा केलेत, पण आज चाललं ते पुढच्या महिन्यात चालेल याची खात्री नाही, आणि पेट्रोल पंपावर टाकी भरून झाल्यावर अ‍ॅप उघडलं नाही तर काय करणार? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रूटची परवानगी चुकून भलत्या अ‍ॅपला दिली तर ते दुसऱ्या अ‍ॅप्सचा डेटा, ओटीपी, काहीही वाचू शकतं. त्यामुळे माझा एकच नियम, ज्या फोनमध्ये बँक आहे त्याला हात लावायचा नाही. घरात ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन काढा, शिकायचं ते त्याच्यावर शिका.

बूटलोडर अनलॉक करताना फोन पूर्ण कोरा होतो, फोटो, मेसेज, सगळं. स्क्रीनवर तसं लिहून येतं, पण इंग्रजीत, आणि पोरं हो हो करत पुढे जातात. सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा, अभ्यासिकेतल्या मित्राने सांगितलं म्हणून रात्री अनलॉक करून बसला. दोन वर्षं हाताने काढलेल्या नोट्सचे फोटो त्याच फोनमध्ये, नेट वाचवायला बॅकअप बंद ठेवलेला. माझ्याकडे आला तेव्हा बोलत नव्हता, फोन नुसता टेबलावर ठेवला. त्या नोट्स परत नाही आणता आल्या मला, आताच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असतो, पुसला की पुसला. व्हिडिओवाले सांगतात हे, नाही असं नाही, पण दोन सेकंदात.

कंपनीगणिक पण फरक आहे. शाओमीत अकाउंट फोनला जोडून बरेचदा १६८ तास म्हणजे आठवडाभर थांबावं लागतं, त्यांच्या नव्या हायपर-ओएस सिस्टीममध्ये नियम आणखी कडक झालेत. सॅमसंगमध्ये नॉक्स नावाच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज आहे, कंपनीची नसलेली सिस्टीम टाकली की तो आतल्या आत उडतो आणि परत जोडता येत नाही, नंतर मूळ सिस्टीम टाकली तरी सिक्युअर फोल्डर वगैरे गेलं ते गेलंच. विवो बूटलोडर उघडूच देत नाही, हुवावेने २०१८ पासून अनलॉक कोड देणं बंद केलं. त्यामुळे सगळ्या फोनवर चालणारी एका क्लिकची युक्ती असं कुणी सांगितलं की सरळ उठून यायचं, ती अ‍ॅप्स तर टाकूच नका. मॅजिस्क पण प्ले स्टोअरवर नाही, त्याचं खरं घर गिटहब या प्रोग्रामचे कोड ठेवायच्या साइटवर आहे, त्याच्या नावाच्या बाकीच्या साइट्सवर जाऊ नका.

मॉडेलचं नाव बघून फाइल उतरवतात हा दुसरा घोळ. रेडमी नोट ४ घ्या, आपल्याकडे जानेवारी २०१७ ला आला तो स्नॅपड्रॅगनवाला, त्याचं आतलं नाव मिडो. त्याच नावाचा मीडियाटेकवाला चीनमध्ये आधीच आला होता, तो निकेल. बाहेर नाव एकच, आत चिप वेगळी, एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. म्हणून खोक्यावरचं नाव सोडा, आतलं नाव आणि बिल्ड नंबर अक्षर न अक्षर जुळवून बघा.

माझ्या भाच्याला मी त्याच मिडोवर शिकवलं, माझाच जुना फोन, कंपनीने अँड्रॉइड ७ वर सोडलेला. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर दोन्ही दाबून धरली की टोपी घातलेला ससा अँड्रॉइडचा रोबो दुरुस्त करत बसलेला दिसतो, तो फास्टबूट मोड, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलने सिस्टीमच्या फाइल टाकायचा. भाच्याने मॅजिस्कमध्ये बूट इमेज, म्हणजे फोन सुरू व्हायला लागणारी फाइल, पॅच केली, म्हणजे रूटसाठी बदलली, आणि फोनवर टाकली, फोन सुरू होईना, लोगो यायचा, जायचा, परत यायचा. पोरगं पांढरं पडलं. चूक एवढीच की बूट इमेज घेतली होती ती आधीच्या अपडेटची. पण मी त्याला आधीच चालू बिल्डची मूळ बूट इमेज कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला लावली होती. ती परत टाकली, पाच-सात मिनिटं आम्ही दोघं त्या लोगोकडे बघत बसलो, आणि घड्याळ दिसलं स्क्रीनवर. रूटमधली सगळ्यात महत्त्वाची फाइल ही, मूळ बूट इमेज, आणि नवीन शिकणारे नेमकी हीच ठेवत नाहीत. ज्या फोनमध्ये अँड्रॉइड १३ मुळातूनच आलंय त्यात बहुतेक वेळा बूटऐवजी इनिट बूट नावाची फाइल पॅच करावी लागते, तेही बघून घ्या. आणि रूटनंतर कंपनीचं अपडेट आलं तर डोळे झाकून दाबू नका, एकतर ते बसत नाही नाहीतर रूट जातं.

आता दुकानांचं. आमच्या शेजारच्या बारावीतल्या मुलाने बुधवार पेठेतल्या एका दुकानात चारशे रुपये देऊन फोन रूट करून आणला. घरी आला तर नेटवर्क नाही. *#०६# दाबलं तर आयएमईआयच्या जागी नुसते शून्य. आयएमईआय म्हणजे फोनचा १५ आकडी ओळख नंबर, तो स्टोरेजच्या ज्या वेगळ्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, असतो ते दुकानदाराने बॅकअप न घेता उडवलं होतं. मी त्याच्याबरोबर परत गेले तर दुकानदार म्हणतो काळजी करू नका मॅडम, दुसऱ्या फोनचा नंबर टाकून देतो, दहा मिनिटांचं काम. मी तिथेच नाही म्हटलं. स्वतःचा फोन रूट करणं गुन्हा नाही, कंपनी फार तर वॉरंटी नाकारेल, पण आयएमईआय बदलणं गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो दुसरा नंबर कुठल्या चोरीच्या फोनचा असला तर त्या बारावीच्या पोराने काय करायचं? तो फोन आता घरी वायफायवर चालतो, त्याची बहीण त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघते. सगळे दुकानदार असे नसतात हे मला माहीत आहे, पण आधी बॅकअप घेतला का एवढं विचारल्याशिवाय फोन काउंटरवर ठेवू नका.

एवढं सगळं वाचून मी रूटच्या विरोधात आहे असं कुणाला वाटेल, तसं अजिबात नाही. बऱ्याच फोनना कंपनी काही वर्षांत अपडेट बंद करते आणि चांगला चालता फोन भंगारात जातो. त्याच मिडोवर लिनेज टाकून तो आज माझ्या सासूबाईंच्या उशाशी आहे, रेडिओ आणि भजनं त्यावर, एकही जाहिरात येत नाही. आणि भाचा त्या एका फोनवर पार्टिशन म्हणजे काय, कर्नल म्हणजे काय, फाइलच्या परमिशन म्हणजे काय एवढं शिकला की पुढे कॉलेजात लिनक्स आलं तेव्हा त्याला परकं वाटलं नाही.

संपादकांना विनंती एवढीच की ‘करू नका’ लिहून सोडून देऊ नका. हे सगळं हिंदी-इंग्रजीत ढिगाने आहे, मराठीत शांतपणे, पायरी पायरीने समजावून सांगितलेलं फार कमी. आपल्या पुरवणीत चार रविवार थोडी जागा द्या, लिहायला कुणी नसेल तर मी लिहून देते, मानधन नको.

आणि एक राहिलंच, हे मात्र जरूर छापा. फोन परत होता तसा करून विकायचा असेल तर कंपनीची मूळ सिस्टीम, त्याच मॉडेलची आणि त्याच देशातली, पूर्ण टाकून फोन एकदा नीट सुरू झालेला बघा, आणि मगच बूटलोडर लॉक करा. कस्टम रॉम किंवा रूट असताना लॉक केलात तर फोन चालूच होणार नाही असं होऊ शकतं, आणि मग तो परत उघडणं माझ्याही हातात राहत नाही.

आपली एक वाचक,
धनकवडी, पुणे