डिस्चार्जच्या आधी घरच्यांना शिकवा

संपादक साहेब, नमस्कार.

पॅरालिसिसचा पेशंट घरी आणायचा म्हणजे काय असतं यावर फार कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझ्या सासऱ्यांच्या वेळी सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले आज घरी न्या, मग सगळा दिवस बिल, मेडिक्लेम, उरलेली औषधं परत करणं यातच गेला आणि नाकात रायल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी), खाली लघवीची पिशवी अशा अवस्थेत रात्री त्यांना घरी आणलं. ट्यूबमधून भरवताना डोक्याकडची बाजू वर पाहिजे, नंतरही निदान अर्धा तास आडवं करायचं नाही नाहीतर अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं, पिशवी कायम कमरेच्या खाली, दर २ तासांनी कूस बदलायची नाहीतर बेडसोर म्हणजे पडून राहून जखमा होतात, हे सगळं मला नंतर ओळखीच्या एका सिस्टरनी घरी येऊन दाखवलं. हे वॉर्डातच दाखवायला किती वेळ लागतो?

विमा कंपनीनं डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत कॅशलेसची मंजुरी द्यायची असा नियम २०२४ मध्ये आला, चांगलंच झालं. पण मग घरच्यांना शिकवल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही असा नियम पण करा ना. आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचा खर्च धरलेला असतो, हेही वॉर्डात कुणीतरी आपणहून सांगायला पाहिजे.

दोन दिवस आधी कळलं तरी खूप फरक पडतो हो. वरखाली होणारा बेड, एअर बेड भाड्यानं बघता येतो, फिजिओ ठरवता येतो, ब्युरोतून मावशी घ्यायची तर तिला ट्यूबची सवय आहे का ते नीट विचारता येतं. आणि ज्यांना मावशी परवडत नाही त्यांचं काय, गावाकडं तर बहुतेक घरात सगळं सुनेवरच येतं, म्हणून शिकवताना घरातल्या मुलग्यांना पण समोर उभं करा आणि सिस्टरसमोर एकदा त्यांच्या हातानं भरवून घ्या.

केरळनं २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर, दीर्घ आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) धोरण केलं, तिथं पंचायतीमार्फत नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते. आपल्याकडं निदान डिस्चार्ज कार्डाची एक कॉपी गावच्या आरोग्य केंद्राला जाऊ दे, कार्डावर मराठीत लिहा, आणि रात्री ट्यूब निघाली तर कुणाला फोन करायचा तो नंबर त्यावर मोठ्या अक्षरात टाका.

- एक वाचक, जि. सातारा