दादाला भेटून आले

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

आधी सांगूनच टाकते, मी दादाला भेटून आले. विचारलं असतं तर बाबा नको म्हणाले असते आणि आई गप्प बसली असती. ते गप्प बसणं मला सोसवलं नसतं. रागवा, पण पत्र पुरतं वाचा.

घराच्या कागदांचा विषय मी काढला नाही. तोच म्हणाला, "माझं चुकलं." पुढे 'पण' येईल म्हणून मी वाट पाहत बसले, आला नाही. बाबा, तुम्हीच सांगायचात ना, शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारल्यावर शौल राजाने दोष लोकांवर ढकलला आणि नाथान संदेष्ट्यापुढे दावीद राजा एका वाक्यात कबूल झाला? नव्या करारातल्या ग्रीक शब्दात पश्चात्ताप म्हणजे मन पालटणं. इब्री शब्द तर सरळ 'मागे फिरणं' असाच आहे. दादा फिरलाय असं मला वाटतं. लुबाडलेलं चौपट परत करणाऱ्या जकातदार जक्कयासारखं द्यायला त्याच्याकडे काही नाही, हप्त्याने देईन म्हणाला.

मी माझा वाटा सोडला. येशूच्या त्या दाखल्यातला चाकर, स्वतःचं प्रचंड कर्ज धन्याने माफ केलेलं असताना, शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, आठवतं? दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची कमाई काही थोडी नव्हे, त्याचा दावा खराच होता. माझाही होता. पण रोज 'आमची ऋणे आम्हांस सोड' म्हणायचं आणि दादाचं खातं उघडं ठेवायचं, हे इतकी वर्षं जमलं, आता जमेना.

तुमच्यावर सक्ती नाही हं. तुमचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं आहे. तो राहायला येत नाहीये. बाबांची खुर्ची, आईची दुपारची झोप, सगळं तसंच राहील.

बाबा, लहानपणी मी तुमच्या कुशीत असायचे आणि तुमचं बोट लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या, घरी परतलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतल्या ओळींखालून सरकायचं. चोविसाव्या वचनावर थांबायचं. "ते आनंद करू लागले, झोपा आता." थोरला भाऊ रुसून बाहेरच राहतो आणि बाप त्यालाही विनवायला बाहेर येतो, हे मी फार उशिरा, स्वतः वाचलं. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही.

आता नीट ऐका. क्षमा वेगळी, सही वेगळी. मला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. योसेफाने तरी त्याला विकून टाकणाऱ्या भावांना पहिल्या भेटीत कुठे ओळख दिली? आधी पारखून घेतलं, मग रडला. बाबा, रात्रीची बीपीची गोळी चुकवू नका. आई, दादाचं नाव ऐकून गुडघे विसरू नकोस, जिना धरूनच उतर.

शनिवारी संध्याकाळी तो फोन करेल. बोलायचं नसेल तर नुसतं ऐका. बाबा रिसीव्हर काढून ठेवतील, आई, तू तेवढं बघ.

तुमची,
धाकटी