मामा तलावावर एक रात्र झोपू द्या: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत सातवी-आठवीची अकरा पोरं आणि दोन पालक घेऊन मी आमच्या गावाजवळच्या मामा तलावावर मुक्कामाला गेलो. (कागदावर माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, जमीनदारांच्या, ताब्यातला; पण इकडे सारे मामाच म्हणतात.) सामान काय, तर दोन ताडपत्र्या, बांबू, पाण्याची कॅन आणि पोत्यात भरलेलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा. तणसावर झोपलं की जमिनीचा गारठा वर येत नाही, हे मला पोरांनीच शिकवलं. भात चुलीवर होता, तेवढ्यात बांधावर मोटारसायकलचा दिवा दिसला. "परवानगी कुठाय?" त्या माणसाचं चुकलं नाही, तो आपली नोकरी करत होता. अर्धकच्चा भात पातेल्यासकट उचलून आम्ही रात्री नऊला घरी.

मग परवानगी मागत फिरलो. पाणी एका खात्याचं, बांध दुसऱ्याचा, झाडं तिसऱ्याची. चहा तिघांनीही पाजला, कागद कोणीच दिला नाही. एक जण म्हणाले, "रिसॉर्टात टेंट मिळतात ना, गुरुजी." मिळतात. आत पलंग, गरम पाणी, आणि भाडं आमच्या पालकांनी ऐकूही नये असं.

साहेब, व्याघ्र प्रकल्पात झोपू द्या असं मी म्हणत नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून वाघाचं घर आहे, तिथं रात्री पोरं नेणं हा वेडेपणा. पण कोहळी समाजाच्या लोकांनी पूर्वी बांधलेले कितीतरी तलाव गावांना लागून आहेत. त्यातला एखादा, बिबट्याची ये-जा नसलेला, वनरक्षकांनीच निवडून द्यावा. तिथं थोडी सपाट जागा, एक हातपंप, आतून कडी लागणारा संडास आणि दगडांची एकच चूल. वीज नको. पेव्हर ब्लॉक तर मुळीच नको. इकडे विकास म्हटला की आधी तेच येतात, मागून सेल्फी पॉईंट. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम लागला की चूलही बंद, घरून शिदोरी आणावी. कचरा ज्याचा त्यानं परत न्यावा. ताडपत्रीमागे पन्नास रुपये घ्या आणि गावच्या वन समितीला द्या, राखण तीच करेल. अर्ज मात्र एकाच टेबलावर.

अंधाराचं मोल तुमच्याच खात्याला ठाऊक आहे. जानेवारी २०२४ मध्ये आपलं पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं जंगल, झालं; त्यासाठी लगतच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले. आमच्या तलावावर तर दिवाच नाही. खर्च तेवढा वाचला.

ताडपत्र्या शाळेच्या कपाटावर घडी करून ठेवल्या आहेत. धान कापणी झाली की तणस मिळेलच. नोव्हेंबरपर्यंत कागद मिळाला तर आठवीची पोरं तालुक्याच्या शाळेत जायच्या आधी भात पूर्ण शिजेल.

आपला,
एक शिक्षक, जि. गोंदिया