वर्मावर बोट ठेवणाऱ्या काकांस

नाशिक

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये असे आपण बजावले आहे, म्हणून या जाहीर पत्रात मी आपल्याला फक्त काका म्हणते. मात्र सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथ आणि मिलिंग मशीनवर काम केलेल्या माणसामुळे, सुमारे 64 प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाची चाहूल आमच्या शाळेतल्या मुलांना कशी लागली, हे नाशिककरांना कळायलाच हवे असे मला वाटते.

तो ग्रह जंबुक तारकासमूहातील एचडी 189733 या ताऱ्याभोवती फिरतो. आपल्या गुरूपेक्षा किंचित मोठा असा हा वायूचा गोळा ताऱ्यापासून जेमतेम 46 लाख किलोमीटर अंतरावर आहे आणि अवघ्या 2.2 दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी 5 कोटी 79 लाख किलोमीटर दूर असतो आणि त्याला 88 दिवस लागतात. गुरूला तर जवळजवळ बारा वर्षे. अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात.

असे काही असेल, याची तयारीच बहुतेक शास्त्रज्ञांच्या मनात नव्हती. मोठे ग्रह ताऱ्यापासून दूर, थंडीतच घडतात, ही समजूत पक्की असल्यामुळे त्यांच्या शोधासाठी वर्षानुवर्षे निरीक्षणे करावी लागतील असेच सारे धरून चालले होते. खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी 1952 सालीच, मोठा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ असू शकेल आणि तो शोधताही येईल, असे लिहून ठेवले होते. पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे 1995 साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्विस खगोलशास्त्रज्ञांना फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत 51 पेगासी हा तारा, जवळून फिरणाऱ्या एका मोठ्या ग्रहाच्या ओढीने, दर 4.23 दिवसांनी मागेपुढे डोलताना दिसला. डोलण्याचा वेग सेकंदाला सुमारे 56 मीटर, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या आसपास होता. नाशिकरोडला न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. तसाच ताऱ्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे आणि किंचित लालकडे सरकतो, पण तो सरकतो एक कोटीत फक्त दोन भाग. एवढे मोजायचे तर यंत्र स्वतः हलता कामा नये, म्हणून त्यांचे उपकरण दुर्बिणीवर न टांगता तापमान सांभाळलेल्या वेगळ्या खोलीत ठेवले होते आणि प्रकाश तिथे प्रकाशतंतूतून नेला जात होता. हे मी सांगितले तेव्हा आपण लगेच म्हणालात, “बरोबर आहे, थंडीत लोखंड वेगळं आकसतं, पितळ वेगळं.” पुस्तकातले ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आमची वाट वेगळी होती. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश थोडा कमी होतो. आमच्या ताऱ्याच्या बाबतीत तो पावणेदोन तासांपुरता सुमारे 2.4 टक्के घटतो. दिंडोरी तालुक्यात एका विद्यार्थिनीच्या घरच्या द्राक्षमळ्यात, मळ्यातले सगळे दिवे मालवून, आम्ही आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा लावला. पाऊस उघडला होता, आकाश स्वच्छ होते. पण हाती आलेल्या आलेखात घट दिसण्याऐवजी लाटाच लाटा होत्या. मला वाटले, हवेतल्या धुरकटपणामुळे असेल. एक मुलगा म्हणाला, ताराच तसा असेल. आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, कारण या ताऱ्यावर डाग आहेत आणि त्याचे तेज खरोखरच थोडे बदलते.

दुसऱ्या दिवशी आपण नातीला न्यायला शाळेत आला होतात. फळ्याशेजारी लावलेला आलेख आपण बराच वेळ पाहिलात, पेन्सिलीने लाटा मोजल्यात आणि दुर्बीण ताऱ्यामागे दिवसाला एक फेरा या गतीने नेणाऱ्या चक्राला दाते किती आहेत असे विचारलेत. (हे चक्र वर्म म्हणजे मळसूत्री दांडा फिरवतो; वर्मच्या एका फेऱ्यात ते एक दाता पुढे सरकते.) मी 144 सांगितले. आपण क्षणभर हिशेब केलात आणि म्हणालात, “मॅडम, दर दहा मिनिटांनी एक लाट आहे. दिवसाचे भाग पाडले तर तुमचा वर्म दहा मिनिटांनीच एक फेरा घेतो. हा तारा नाही, हा वर्म आहे.” आकाशाशी आपला काही संबंध नाही, असे सांगतच आपण नेमके वर्मावर बोट ठेवलेत.

तसेच निघाले. वर्म अक्षाभोवती नीट न फिरता केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने लंगडत होता. त्यामुळे तारा कॅमेऱ्याच्या वेगवेगळ्या पिक्सेलवर सरकत राहायचा, आणि सगळ्या पिक्सेलना प्रकाश सारखाच जाणवतो असे नसते. आपण नवा वर्म कातलात, बुश बदललेत, पेस्ट लावून वर्म आणि चक्र एकमेकांवर तासन् तास फिरवलेत आणि डायलवर काटा हलेनासा झाल्यावरच ते आमच्या हाती दिलेत. पैसे घेतले नाहीत, याचा उल्लेख आपल्याला आवडणार नाही. तरी तो करतेच.

मी मुलांना तेव्हा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू लाइन यांची हकीकत सांगितली. 1991 साली त्यांनी एका स्पंदक ताऱ्याभोवती (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्याभोवती) सहा महिन्यांत फिरणारा ग्रह जाहीर केला होता. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाचा हिशेब चुकल्याचे ध्यानात येताच, जानेवारी 1992 मध्ये भर सभेत उभे राहून त्यांनी तो दावा मागे घेतला आणि सभेने उभे राहून टाळ्या वाजवल्या. आपण नसता तर आमच्याकडे सांगायला फक्त तीच गोष्ट उरली असती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपण स्वतः मळ्यावर आलात. दर मिनिटाला पडद्यावर एक ठिपका उमटत होता. शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत आमच्या ताऱ्याचा प्रकाश 100 वरून हळूहळू साडेसत्त्याण्णवच्या आसपास उतरला, तिथे काही काळ टिकला आणि पुन्हा वर चढला. मध्ये एकही लाट नव्हती. मुले ओरडली, आपण मात्र दुर्बिणीच्या चक्राकडेच पाहत होतात. मग शांतपणे विचारलेत, “एवढा मोठा, इतका जवळ आला कसा?”

त्या रात्री मी घाईत उत्तर दिले, ते इथे नीट देते. एक मत असे की तो दूरच घडला आणि ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतून आत सरकत आला. दुसरे मत असे की एखाद्या मोठ्या सोबत्याच्या ओढीने त्याची कक्षा लांबट झाली आणि जवळून जाताना ताऱ्याच्या भरतीच्या ताणाने ती हळूहळू गोल झाली. काही तप्त गुरू ताऱ्याच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतात, हे दुसऱ्या मताच्या बाजूचे मानतात. वाद अजून मिटलेला नाही.

तो तारा आता मावळतीकडे गेला आहे. पुढच्या वर्षी पाऊस उघडला की तो पुन्हा संध्याकाळी डोक्यावर येईल, आणि मुलांनी मळ्यातली जागा आत्ताच मागून ठेवली आहे. तोपर्यंत वर्मला वंगण मुलांनी घालायचे की त्याला आपल्याखेरीज कोणी हात लावायचा नाही, एवढे कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका