नाव विचारायचं राहून गेलं

लेक नववीत होता तेव्हा अमेरिकेतल्या त्या आयईपीच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा आखते त्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्याच्या, बैठकांत मी नुसती मान डोलवायचे. बाहेर बाकावर बसलेल्या एका आईनं मला जागं केलं. "मूल सोळाचं होईपर्यंत शाळा संपल्यानंतरच्या आयुष्याचा आराखडा आयईपीत यायलाच हवा, आयडीईए हा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदाच आहे तसा. आणि त्या बैठकीला मुलालाही बोलवावं लागतं." तोवर त्याला काय हवंय हे मीच कधी विचारलं नव्हतं! त्यानं बैठकीत एकच वाक्य म्हटलं : मला एकट्यानं बसनं जायचंय.

मग बसप्रवास शिकवणाऱ्या बाई आल्या. आधी शेजारी बसायच्या, मग मागच्या सीटवर, शेवटी फक्त थांब्यावर उभ्या. वाचनालयात पुस्तकं लावायचा सराव देणारे काका, चूक झाली तरी हात न लावता वाट पाहणारे. (मला हे अजून जमत नाही.) अठराव्या वर्षी आयईपीवर सही करायचा हक्क माझ्याकडून त्याच्याकडे जाणार, हे वर्षभर आधी फोनवर शांतपणे समजावणारी ती मुलगीही.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्याची बस चुकली आणि तो पुढची पकडून घरी आला. मला फोनही केला नाही.