माझ्या चपला पुसून ठेवणाऱ्या धम्मसेविका ताईंना

ताई,
तुमचं नाव मला माहीत नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या ध्यान शिबिराहून घरी येऊन तीन आठवडे झाले तरी तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहिलंय हे काही डोक्यातून जात नाही, म्हणून शेवटी इथेच लिहितेय.

भाऊ गेल्यापासून माझ्या डोक्यात सतत आवाज चालू असायचा, रात्रीसुद्धा. सांत्वनाला आलेले लोक बोलत सुटायचे, देवाची मर्जी, तू खंबीर हो, त्यात मी गप्प बसले तरी कुणाला चालायचं नाही. मग कुणीतरी एका आध्यात्मिक शिबिराला पाठवलं, शांती मिळेल म्हणाले. तिथे दिवसभर माइक, सगळ्यांना गोल बसवून "मन मोकळं करा" म्हणायचे, मी रडायला लागले तर एक जण चक्क मोबाईलवर शूटिंग करत होता! शेवटच्या दिवशी देणगीची पाकिटं फिरली. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

त्यामुळे तुमच्याकडेही मी धास्तावूनच आले. मोबाईल जमा, वही पेन नाही, पहाटे 4 ला घंटा, आणि आर्य मौन म्हणजे नुसतं तोंड बंद नाही तर खाणाखुणा नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा जाणारा श्वास बघत बसायचं, ते कसंतरी जमलं. चौथ्या दिवसापासून अधिष्ठान, तासभर हात पाय हलवायचे नाहीत की डोळे उघडायचे नाहीत, आणि तिथे मात्र सगळं वर आलं, हॉस्पिटल, त्याचा हात, सगळं.

सहाव्या दिवशी दुपारी मी ठरवलंच होतं की बस्स, उद्या घरी. सगळ्या उठून गेल्या तरी मी हॉलमध्ये तशीच रडत बसले होते. बाहेर धो धो पाऊस, येताना चपला कशाही काढून टाकलेल्या. दाराशी आले तर तुम्ही एक हात भिंतीला टेकवून वाकला होतात आणि माझ्या चपला फडक्याने पुसत होतात. पुसून छपराखाली ठेवल्यात, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे मला नुसते पाय सरकवायचे, आणि माझ्याकडे न बघता निघून गेलात.

बस्स एवढंच. काय झालं, का रडतेस, काही नाही. माझ्या दुःखाला कुणी हात न लावता माझी काळजी घेतली असं आठ महिन्यांत पहिल्यांदा झालं. त्या संध्याकाळी हॉलमध्ये बसले तेव्हा बाहेर पाऊस पडत होता आणि मला फक्त पाऊस ऐकू येत होता, डोक्यातलं काहीच नाही. किती वेळ ते माहीत नाही, पण मी राहिले, दहाही दिवस राहिले.

विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी 1969 साली ब्रह्मदेशातून ही साधना इकडे घेऊन आले, आणि आजही शिकवणारे असोत की तुमच्यासारखे सेवा देणारे, कुणी पगार घेत नाही, नवीन माणसाकडून तर शिबिर पूर्ण होईपर्यंत दानसुद्धा घेत नाहीत. हे मला आधीच माहीत होतं, पण पटलं तुम्हाला वाकलेलं बघून. अशी माणसं असतात ताई, गाजावाजा न करता दुसऱ्याचं थोडं सोपं करून ठेवणारी, फक्त ती माइकवर नसतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा तुम्हाला खूप शोधलं, तुम्ही किचनमध्ये होतात बहुतेक. निघायच्या सकाळी अंगण झाडताना दिसलात, पण माझ्या तोंडून शब्दच फुटेना, नुसते हात जोडले. तुम्हीही जोडलेत आणि परत झाडायला लागलात.

वाकताना तुम्ही दर वेळी उजवा गुडघा धरत होतात. तो आता कसा आहे?