लेझर घ्या, पण पट्टी सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर आला की स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी सगळीकडे गुलाबी रिबिनी दिसतात, गाठ कशी तपासायची ते सांगतात, चांगलंच आहे ते. पण ऑपरेशननंतर बाईच्या हाताचं काय होतं यावर कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

माझ्या आईचं डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या, मग रेडिएशन. डिस्चार्ज देताना हाताला सूज येऊ शकते हे कुणी सांगितलंच नाही. वर्षभराने ब्लाउजची डावी बाही काचायला लागली, आईने गुपचूप शिवण उसवून घेतली, आम्हाला वाटलं अंग भरलं असेल. मग एके दिवशी पाटल्या निघेनात, साबण लावून झाला, खोबरेल लावून झालं, शेवटी सोनाराने कापून काढल्या. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा.

लिम्फिडिमा म्हणतात त्याला. काखेतल्या ग्रंथी गेल्या की हातातलं पाणी वर वाहून न्यायच्या वाटाच कमी होतात आणि ते साचत जातं. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढाव्या लागल्या तर साधारण पाचात एकीला हे होतं, म्हणजे काही क्वचित होणारी गोष्ट नाही ही.

फिजिओ मॅडमनी पट्ट्या बांधायला शिकवलं, हातावर घट्ट बसणारी स्लीव्ह दिली, मसाज आणि व्यायाम दाखवले, फरक पडत होता. पण उन्हाळ्यात स्लीव्हने घामोळं यायचं, आई कंटाळली. तेवढ्यात एका क्लिनिकने लेझरचं पॅकेज दिलं, वर सांगितलं की आता पट्टीबिट्टी काही नको. आईने ती कपाटात टाकली आणि महिन्याभरात हात पहिल्यापेक्षा जड झाला, पदर सावरायला उचलवेना.

लेझर खोटं आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. हा कापणारा लेझर नव्हे, कमी ताकदीचा, डोळ्यांना न दिसणारा, 904 नॅनोमीटरचा प्रकाश, त्वचेला भाजत नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2006 मध्ये या आजारासाठी असं मशीन वापरायला परवानगी दिली. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, 2003 मध्ये छापून आलाय तो, आठवड्याला तीन सिटिंग अशी तीन आठवड्यांची दोन आवर्तनं दिली, आणि दोन्ही झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी साधारण एक तृतीयांश बायकांची सूज चांगली उतरली. म्हणजे बाकीच्यांची तेवढी नाही उतरली, आणि फरक लगेच दिसत नाही. हे पैसे घेण्याआधी सांगायला नको का? पट्टी, मसाज, व्यायाम यांच्या जोडीला लेझर घ्यावा, त्यांच्या जागी नाही, आणि तोही आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती, ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांची मापं टेपने घेऊन फाईलला लावा आणि दर व्हिजिटला परत घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. आईची मापं तेव्हा घेतली असती तर बाही उसवायच्या आधीच कळलं असतं.

— एक वाचक, मिरज